फरशी घासायला देताना

घरातली फरशी काळवंडली, तिच्यावरून पाय फिरवला की खरखर लागू लागली, म्हणजे हल्ली बहुतेक घरांत एकच निर्णय होतो: जुनी फरशी उखडून टाका, नाहीतर तिच्यावरच नवी टाइल चिकटवून घ्या. पुण्यात आमच्या भागात 1970 च्या दशकात बांधलेल्या इमारती बऱ्याच आहेत, आणि तिथे मी हे सारखं पाहते. हॉलमधली मोझॅकची फरशी फोडली जाते, राडारोड्याची पोती जिन्यावरून खाली जातात आणि अजून कितीतरी वर्षं टिकल्या असत्या अशा टाइल्स कुठल्यातरी ओढ्याच्या काठी जाऊन पडतात. मला याचं खरोखर वाईट वाटतं. ती फरशी मेलेली नसते. तिला फक्त कुणीतरी नीट घासून द्यायची गरज असते.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. बांधकाम हा माझा प्रांत नाही. पण दगड, सिमेंट, आम्ल आणि साबण यांचं एकमेकांशी काय होतं हे मला कळतं, आणि आमच्या घरी फरशीला मशीन लावायची वेळ आली तेव्हा मी मिस्त्रींच्या शेजारी उभी राहून एकेक गोष्ट विचारून घेतली. ते कलबुर्गीकडचे. लहानपणापासून दगडाच्याच कामात वाढलेले, मोजकं बोलणारे. एरवी आपण रंगाऱ्याला शेड विचारतो, सुताराला लाकूड विचारतो. फरशी घासणाऱ्याला मात्र 'किती घेणार आणि कधी संपवणार' याखेरीज काही विचारत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

फरशीची चकाकी म्हणजे तिच्यावर चढवलेला लेप, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती दगडाचीच असते. पृष्ठभाग ओबडधोबड असला की त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि फरशी निस्तेज, पांढुरकी दिसते. जाड कणांच्या दगडाने घासलं की मोठ्या खाचा जातात, पण त्या घासण्याच्या लहान खाचा मागे राहतात. त्या काढायला त्याहून बारीक दगड लागतो, त्याच्या खाचा काढायला आणखी बारीक. असं करत करत खाचा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आल्या की प्रकाश विखुरायचा थांबतो आणि सरळ परततो. तीच चकाकी. तिच्याबरोबर दगडाचा मूळ रंगही वर येतो. आपली फरशी पॉलिशनंतर कशी दिसेल हे आधी पाहायचं असेल तर एका कोपऱ्यावर पाणी ओता. ओली असताना जो रंग दिसतो, त्याच्या जवळपासचा रंग चांगल्या घासाईनंतर कोरडेपणी दिसतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मधली एखादी पायरी गाळली तर तिच्या खाचा शेवटच्या बारीक दगडाने जात नाहीत. त्या झाकायला मग मेण चोपडतात. मेणाखाली फरशी काही आठवडे झकास दिसते, नंतर मेणावर धूळ बसते, ते पिवळं पडतं आणि जिथे जास्त वावर असतो तिथे पट्टे उमटतात. चार हात ठरवून दोनच मारणारे लोक असतात, आणि मालकाला ते कळतं तेव्हा मिस्त्री दुसऱ्या गावी गेलेला असतो. बाजारात बाटलीतून मिळणारी 'शाइन' देणारी बहुतेक द्रव्यंही अशीच वरवरचा थर देतात. मी ती घरात आणत नाही.

आता आपल्या पायाखाली नेमकं काय आहे ते पाहू, कारण मिस्त्रींना बोलवण्याआधी हे कळलंच पाहिजे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. तो कठीण, घडवायला अवघड, आणि त्याच्या पातळ लाद्या सहज निघत नाहीत. त्यामुळे जोत्याला, पायऱ्यांना, देवळांना तो वापरला गेला, पण घराच्या जमिनी एकतर शेणाने सारवलेल्या राहिल्या, नाहीतर तिथे बाहेरचा दगड आला. माझं माहेर सोलापूरचं. तिथे फरशी म्हणजे शहाबादी. शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातलं, सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावरचं गाव. तिथला चुनखडक थराथरांचा असतो, त्याच्या लाद्या अलगद सुटतात, आणि रेल्वेने त्या सोलापूर, पुण्याकडे आल्या. शाळांचे व्हरांडे, वाड्यांची अंगणं, परसातल्या मोऱ्या, सगळीकडे तीच राखाडी फरशी. कडाप्पा आंध्रातून आला, कोटा राजस्थानातून, संगमरवर मकराण्याहून. दिसायला वेगवेगळे असले तरी शहाबादी, कडाप्पा, कोटा आणि संगमरवर हे चौघेही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. चुन्याचं कुटुंब. मोझॅकच्या टाइलमधले रंगीत खडेही संगमरवराचेच तुकडे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं सिमेंटही चुनखडीपासूनच बनतं. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल यांची जात पूर्ण वेगळी.

घरात काय आहे ते ओळखायला साधा उपाय आहे. कपाटामागच्या, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. तिथे चकाकी गेलेला ठिपका राहिला तर फरशी चुन्याच्या कुटुंबातली. काहीच झालं नाही तर ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड. जुन्या स्वयंपाकघरांत कडाप्पाचा ओटा असे आणि त्यावर लिंबू-चिंचेच्या वाट्यांची पांढुरकी वर्तुळं असत, ती आठवत असतील. ते डाग नव्हते, तिथला दगडच खाल्ला गेला होता. म्हणून कितीही घासले तरी ते जात नसत.

मोझॅकबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर होतो आहे. मुंबईत सिधवा कुटुंबाने 1922 मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी सुरू केली. काळ स्वदेशीचा होता, आणि तोवर उंची घरांत बसणाऱ्या सिमेंटच्या टाइल्स परदेशातून येत. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या काळात संगमरवरी खड्यांची मोझॅक टाइल मध्यमवर्गीय घराची ओळख बनली आणि ठिकठिकाणी लहान कारखान्यांत ती बनू लागली. ही टाइल दोन थरांची असते. खाली सिमेंट आणि वाळूचा जाड थर, वर रंगीत सिमेंट आणि खड्यांचा थर, आणि दोन्ही दाबयंत्राखाली एकजीव केलेले. भारतीय मानकाप्रमाणे 10 इंची टाइल 22 मिलिमीटर जाड असते आणि 12 इंची 25 मिलिमीटर. वरचा खड्यांचा थर निदान पाच-सहा मिलिमीटरचा. एका घासाईत त्यातला एक मिलिमीटरही सहसा जात नाही. आमच्या मिस्त्रींनी बाल्कनीच्या उंबऱ्याजवळची फुटकी कड दाखवली आणि म्हणाले, "हे बघा बाई, खडा किती खोल गेलाय. अजून दोनदा घासली तरी काही होत नाही हिला." एवढं पाहिल्यावर ती फोडायचा विचार कुणाच्याही मनातून जाईल.

तिच्यावरच नवी टाइल चिकटवण्याचा मार्ग वरवर सोपा दिसतो. पण टाइल आणि खालचा मसाला धरून जमीन दीडेक सेंटिमीटर वर येते. मग दारं खालून तासावी लागतात, न्हाणीघराच्या उंबऱ्याची उंची बिघडते, आणि स्लॅबवर दर चौरस मीटरला तीसेक किलोंची भर पडते. मोझॅकच्या दोन-चार टाइल्स फुटल्या असतील तर तेवढ्याच बदलता येतात. शेजारी कुणी तशीच फरशी उखडत असेल तर त्यांच्याकडून अखंड टाइल्स मागून घ्या आणि माळ्यावर ठेवून द्या.

आता प्रत्यक्ष काम. मशीन म्हणजे खाली फिरणारी चकती आणि तिच्यात बसवलेले घासायचे दगड, ज्यांना मिस्त्री बट्टी म्हणतात. ही बट्टी सिलिकॉन कार्बाइडची. एडवर्ड अॅचिसन या अमेरिकन संशोधकाला 1891 मध्ये कृत्रिम हिरा बनवायच्या खटपटीत हा पदार्थ सापडला आणि त्याने त्याला कार्बोरंडम असं नाव दिलं. काठिण्यात हा हिऱ्याच्या जवळचा, म्हणून संगमरवर त्याच्यापुढे सहज झिजतो. बट्ट्यांना कणांच्या बारकाईप्रमाणे आकडे असतात: आधी 60 च्या आसपासची जाड, मग 120, मग 220 ते 320. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. पहिल्या हाताला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण जुनं मेण, साबणाचा थर, उंचसखल कडा हे सगळं त्याच हाताला काढायचं असतं. फरशी पाण्याखाली असते आणि मशीनभोवती दुधासारखा राडा तयार होतो.

पहिला हात झाला की मिस्त्रींनी फरशी धुतली आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. टाइलभर टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. ती सिमेंटच्या पातळ लगद्याने भरतात, आणि काम इथेच बिघडतं. क्रीम रंगाच्या फरशीवर राखाडी सिमेंट ओढलं तर ती प्रत्येक भोकाशी काळी होते आणि पुढे कितीही चमकली तरी मळकटच दिसते. पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून तुमच्या फरशीशी जुळणारी छटा आधी एका टाइलवर करून दाखवायला सांगा. ती वाळल्यावर बघा, ओली असताना नको. हा लगदा पक्का व्हायला वेळ लागतो. निदान रात्रभर तरी त्याला हात लावू नये, आणि मधून मधून पाणी शिंपडावं. भरणं आणि पुढचा हात एकाच दुपारी उरकणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. सिमेंट निघून जातं आणि महिन्याभरात भोकांत मळ बसतो.

शेवटच्या बारीक बट्टीनंतर ऑक्झॅलिक अॅसिडची पूड शिंपडतात, थोडं पाणी मारतात आणि नमद्याच्या किंवा चिंध्यांच्या बोळ्याने रगडतात. बांधकामाच्या सरकारी नियमावलीत याचं प्रमाण दर चौरस मीटरला 33 ग्रॅम दिलेलं आहे. चुन्याच्या दगडाला आम्ल चालत नाही असं वर लिहिलं आणि इथे आम्लच वापरतात, हे कसं? शिक्षिका म्हणून मला हा भाग फार आवडतो. हायड्रोक्लोरिक अॅसिड चुनखडीवर पडलं की कॅल्शियम क्लोराइड बनतं. ते पाण्यात विरघळतं, वाहून जातं आणि दगडात खड्डा राहतो. ऑक्झॅलिक अॅसिडने कॅल्शियम ऑक्झॅलेट बनतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तिथेच बसतं, उरलेल्या बारीक खाचा भरतं आणि रगडल्यावर गुळगुळीत होतं. अळूच्या पानांनी घसा खवखवतो तो याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांनी. मात्र ऑक्झॅलिक अॅसिडची पूड विषारी आहे. काम चालू असताना लहान मुलं आणि मांजरं-कुत्री त्या खोलीत नकोत, आणि मिस्त्रींच्या हातात रबरी मोजे हवेत.

आता हायड्रोक्लोरिक अॅसिड. 'अॅसिड वॉश करून देतो, एका दिवसात पांढरीशुभ्र' असं म्हणत फिरणारे लोक हेच आणतात. माझ्या एका नातेवाइकांकडे असं काम झालं. फरशी खरंच स्वच्छ दिसली, पण तळहात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी लागली, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पहिल्यापेक्षा काळी झाली, कारण खडबडीत झालेल्या पृष्ठभागात मळ अडकून बसला. शेवटी जाड बट्टीपासून सगळं पुन्हा करावं लागलं. संडास धुवायची निळी-हिरवी द्रव्यंही बहुधा याच आम्लाची असतात. ती मोझॅक, कोटा, संगमरवर यांवर कधीही ओतू नका, आणि ब्लीचिंगबरोबर तर कुठेच नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

दर चौरस फुटावर ठरतो. तो शहरागणिक आणि फरशीगणिक बदलतो, म्हणून आकडा लिहीत नाही. पण त्या दरात काय काय येतं हे आधी बोलून घ्या आणि कागदावर लिहा. किती हात, कोणकोणत्या नंबरच्या बट्ट्या. भोकं भरायचं सिमेंट आणि रंग कुणाचा. भिंतीच्या कडेची पट्टी धरली आहे का. तिथे मोठं मशीन पोहोचत नाही, ती हाताने किंवा छोट्या मशीनने करावी लागते, आणि वाद बहुतेक वेळा तिच्यावरूनच होतो. कपाटं कोण हलवणार हेही ठरवा. कपाट न हलवता भोवतीने घासलं तर पुढे ते हलवल्यावर खाली वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो. मशीनचे शिंतोडे भिंतीवर गुडघ्यापर्यंत उडतात, म्हणून रंगाचा शेवटचा हात नेहमी फरशीनंतर. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा. आमच्या खाली राहणाऱ्या काकूंच्या छताला ओल येईल की काय, ही धास्ती मला होती. मिस्त्रींनी न्हाणीघराच्या दाराशी गोणपाटाची वळकटी लावली आणि पाणी साठू न देता सारखं उपसत राहिले. हा राडा मोरीत ओतू नका. त्यात सिमेंट आणि दगडाची भुकटी असते, ती ट्रॅपमध्ये बसून घट्ट होते आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. बादल्यांत भरून ठेवला की भुकटी खाली बसते. वरचं पाणी सोडावं आणि गाळ गोणीत भरून बाहेर काढावा.

संगमरवराला वेगळा हात लागतो. त्यासाठी हल्ली हिऱ्याच्या कणांचे पॅड वापरतात, तीन हजार नंबरपर्यंतचे. पण घरातला संगमरवर बिघडतो तो बहुतेक देवघरात. तिथे हळद, कुंकू, तेल, पंचामृत सगळंच सांडतं. हळदीचा डाग पडला की आपण साबण लावतो, आणि तो लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी. लिंबू लावलं तर डाग पुन्हा पिवळा होईल, पण दगड खाल्ला जाईल. खडूची पूड आणि औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा घट्ट लगदा करून डागावर थापा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओल्या फडक्याने पुसा. एकदा पुरत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. ऊन येत असेल तर तेही मदत करतं. हळदीचा रंग उन्हात विटतो हे धुणं वाळत घालणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. तेलाच्या डागावर आधी टाल्कम पावडर पसरून ठेवावी, ती तेल ओढून घेते. पंचामृतातलं दही आंबट असतं. ते सांडलं तर पूजा आटोपायची वाट पाहू नका, लगेच पुसा.

ग्रॅनाइटला घरच्या लिंबाने काही होत नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर मात्र त्यावर बसतात, ते रोज कोरडं पुसलं तर बसत नाहीत. त्याला पॉलिश करायची वेळ घरात क्वचितच येते.

व्हिट्रिफाइड टाइल आता सगळीकडे आहे, बरीचशी गुजरातेतल्या मोरबीहून येते. ही भट्टीत इतकी भाजलेली असते की पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते. तिच्या ज्या प्रकारात रंग आणि नक्षी वरच्या काचेसारख्या थरात असते, त्याला मशीन लावणं म्हणजे तो थर कायमचा घालवणं. माझ्या भाच्याच्या नव्या घरी एक जण 'डायमंड पॉलिश' करून देतो म्हणून आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवला. अशी टाइल निस्तेज दिसते ती बहुधा साबणाच्या आणि फिनेलच्या साठलेल्या थरामुळे. बादलीभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा द्रवसाबण, मग दोनदा साधं पाणी, एवढ्यावर ती उजळते. सांधे काळे झाले असतील तर ते खरवडून नव्याने भरून घ्यावेत. टाइलखाली पोकळ आवाज येऊ लागला, तर ती बसवताना खाली मसाला कमी पडला आहे किंवा तिची पकड सुटली आहे. तिथे पॉलिशवाल्याचं नाही, फरशी बसवणाऱ्याचं काम आहे.

कोकणातल्या जुन्या घरांतल्या लाल कोब्याबद्दल विनंतीच करते. माझी बहीण रत्नागिरीला असते. तिच्या सासरच्या घराचा माजघराचा कोबा आयर्न ऑक्साइड मिसळलेल्या सिमेंटचा आहे, आणि इतकी वर्षं पायांच्या वावराने आणि ओल्या फडक्याने तो आरशासारखा झाला आहे. त्याचा रंगीत थर अगदी पातळ असतो. त्याला घासाईचं मशीन लावू देऊ नका. भेगा पडल्या असतील तर तेवढ्याच रंग जुळवून भराव्यात. लाकडाच्या जमिनीचंही असंच आहे: खऱ्या सागवानी जमिनीला सुतार रंधा-कागद मारून नवं रूप देऊ शकतो, पण वरून लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटला नाही. सागवान असो वा लॅमिनेट, दोन्हींचा शत्रू एकच, ओला पोछा.

रोजच्या निगेत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे दाराबाहेरचं पायपुसणं. वाळूतल्या गारेचं काठिण्य मोह्सच्या मापावर 7, संगमरवराचं 3. चपलेखाली आलेला वाळूचा प्रत्येक कण फरशीवर रेघ ओढतो. दाराबाहेर एक जाड, खरबरीत पायपुसणं आणि आत एक सुती, शिवाय आधी केर आणि मग पुसणं, एवढं पाळलं तर घासाई कितीतरी वर्षं लांबते. पुसायच्या पाण्यात रोज काही घालायची गरज नाही. कपडे धुण्याची पावडर तर नकोच. तिच्यातला सोडा मागे राहतो आणि फरशी चिकट होते.

शेवटी माणसांबद्दल. तीन अश्वशक्तीचं मशीन भरपूर वीज खेचतं. त्याला 16 अँपिअरचा पॉइंट हवा, वायर अखंड हवी, आणि घराच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरला तुटणारं सुरक्षा-यंत्र बसवलेलं हवं. तो माणूस दिवसभर पाण्यात उभा राहून विजेचं यंत्र चालवत असतो. मी मिस्त्रींची वायर पाहिली तेव्हा तिला दोन ठिकाणी टेप गुंडाळलेली होती. नवी वायर आणून दिली, त्यांनी ती निमूट जोडली. सिमेंटचा राडा अल्कधर्मी असतो, त्यात अनवाणी काम करून पायांची कातडी सोलवटते, म्हणून गमबूट लागतात. छोट्या मशीनने कोपरे कोरडे घासले की धूळ उडते. ग्रॅनाइटची धूळ असेल तर तिच्यातली सिलिका फुप्फुसात कायमची राहते, आणि सिलिकोसिसवर इलाज नाही. कोपऱ्यांवरही पाणी मारायला सांगा, आणि मास्क तुमच्या घरातून द्या. ठेकेदार हे देत नाही म्हणून सोडून देऊ नका. काम आपल्या घरात चाललेलं असतं.

काम संपल्याचा निवाडा ओल्या फरशीवर किंवा रात्री दिव्याखाली करू नका. ओली फरशी नेहमीच चमकते. दुसऱ्या दिवशी उजेडात, ती पूर्ण कोरडी झाल्यावर, खिडकीकडे तोंड करून जमिनीलगत वाकून पाहा. गोल रेघा, मळकट सांधे, राहिलेले कोपरे सगळं दिसतं, आणि चांगला मिस्त्री ते न कुरकुरता दुरुस्त करतो. त्यासाठी थोडी रक्कम तोवर राखून ठेवायला हरकत नाही, फक्त हे आधी सांगितलेलं असावं. पण काम मनासारखं झालं की उरलेले पैसे तिथल्या तिथे, पूर्ण, हातात द्या.